मापाची वही आणि दुसरीचा अभ्यास

आमच्या घरात अभ्यासाची वेगळी जागा नाही. नाशिकच्या सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत माझं शिलाई मशीन, त्याला लागून कटिंगचं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांची गोणी. शाळेतून आलं की चिरंजीव त्या गोणीवर बसतात आणि तिथूनच "मम्मी, कंटाळा आला" सुरू होतं. वय सात, इयत्ता दुसरी, माध्यम मराठी. शेजारच्या काकू अधूनमधून विचारतात, "ट्यूशन नाही लावली का अजून?" नाही लावली. दुसरीतल्या पोराला ट्यूशन लावायची, तर दहावीला काय हॉस्टेलला पाठवायचं?

कागदोपत्री बघायला गेलं तर केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये असं म्हटलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. धोरण ठीकच आहे. पण गृहपाठ नसला तरी सराव लागतोच. वर्गात एवढी पोरं, प्रत्येकाची फळ्यावर जायची पाळी कधी येणार? आणि घरी "अभ्यासाला बस" म्हटलं की आमच्याकडे लगेच तहान लागते, मग शू लागते, मग पेन्सिलीचं टोक मोडतं, मग शार्पनर सापडत नाही.

माझं मत असं झालंय की या वयाच्या पोराला अभ्यास नको असतो, काम हवं असतं. खरं काम, ज्यावाचून मोठ्या माणसाचं अडतं. नुसतं खोटं खोटं दुकान मांडून "तू गिऱ्हाईक, मी दुकानदार" केलं की दोन दिवस मजा येते, तिसऱ्या दिवशी त्याला कळतं की हा तोंडावर पावडर लावलेला अभ्यासच आहे. माझ्या धंद्यात खरं काम भरपूर, म्हणून मी तेच त्याच्यापुढे सरकवलं.

सुरुवात मापाच्या वहीपासून झाली. माझ्याकडच्या बहुतेक बायका मापाचा ब्लाऊज देऊन जातात. तो टेबलावर पसरायचा, टेपने मोजायचा, वहीत उतरवायचा. आता मी मोजते आणि तो लिहितो. पानावर वर बाईचं नाव, खाली एकाखाली एक: उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. शाळेत याला श्रुतलेखन म्हणतात आणि त्याला ते अजिबात आवडत नाही. इथे मात्र पाठ ताठ करून बसतो, कारण त्याने चुकीचं लिहिलं तर कापड चुकीचं कापलं जाईल, आणि ते कापड आपलं नाही हे त्याला पक्कं माहीत आहे.

शिवाय पसरलेला ब्लाऊज दुपदरी असतो. मोजला की निम्मं माप येतं, ते दुप्पट करून लिहायचं. मी "अठरा" म्हणते आणि थांबते. तो बोटांवर काहीतरी करतो, ओठ हलवतो आणि लिहितो, छत्तीस. कंबर सोळा, म्हणजे बत्तीस. दुप्पट करणं त्याला कोणी शिकवलं असं मला वाटत नाही, ते मापं लिहिता लिहिता बसलं.

एकदा मी घाईत सरळ "छत्तीस" म्हणून मोकळी झाले आणि पठ्ठ्याने ६३ लिहिलं. मी काही बोलले नाही. टेप त्याच्या हातात दिली, म्हटलं, "त्रेसष्ट दाखव बरं मला, किती मोठा ब्लाऊज होतोय बघू." तो टेप उलगडत गेला. शिंप्याची टेप साठ इंचांची. चाळीस, पन्नास, साठ, आणि मग टोकाची पत्र्याची पट्टी. त्याने टेप उलटी करून पाहिली आणि ओरडला, "आहे, आहे! इथे आहे त्रेसष्ट!" ती सेंटीमीटरची बाजू. म्हटलं, तेवढ्यात बोट ठेव आणि परत पलट. इंचाच्या बाजूने ते पंचवीसही भरेना. मग बराच वेळ टेपकडे बघत बसला, एकदा ब्लाऊजकडे, एकदा वहीकडे. शेवटी "अगं, तीन पहिला" असं स्वतःशीच म्हणत खोडरबर शोधायला गेला. मी लाल पेनने गोल केला असता तर चूक माझ्या लक्षात आली असती, त्याच्या नाही.

हा घोळ त्याच्या एकट्याचा नाही. मराठीत आपण 'छत्तीस' म्हणतो तेव्हा सहा आधी कानावर पडतो आणि तीस नंतर. लिहिताना मात्र तीन आधी. एकोणतीस ऐकलं की पोरांच्या कानात तीसच घुमतो, मग ३९ लिहून मोकळी होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीव्हीवर चर्चा, व्हॉट्सॲपवर विनोद, अगदी विधानसभेपर्यंत विषय गेला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, गणितातलंच मोठं नाव. त्यांचं म्हणणं हेच होतं की पोरं बोलण्या-लिहिण्याच्या या उलट्या क्रमाला अडखळतात. तेव्हा मला मूल नव्हतं, मीही ते विनोद पुढे ढकलले असतील. आज शेजारी बसून बघते तेव्हा वाटतं, अडचण तरी त्यांनी बरोबर पकडली होती. आमच्याकडे दोन्ही चालतं. मी माप सांगताना त्रेपन्नच म्हणते, कारण बाजारात कोणी 'पन्नास तीन' म्हणत नाही, पण त्याची गाडी अडली की तो मलाच विचारतो, "पन्नास तीन ना?" हो, पन्नास तीन. लिही.

टेपचा आणखी एक फायदा म्हणजे पाव, अर्धा, पाऊण. इंचाच्या मधल्या रेघा त्याने आपणहून विचारल्या. साडेचौदा, सव्वाआठ, पावणेसात हे शब्द आमच्या घरात दिवसभर हवेत असतात. शाळेत अपूर्णांक यायला अवकाश आहे, तेव्हा खाली रेघ, वर आकडा वगैरे मी सांगायला जात नाही. नुसतं बोट ठेवून दाखवलं, सातच्या अलीकडे एक पाव म्हणजे पावणेसात. अजून तो दीडला 'साडेएक' म्हणतो. म्हणू दे. सासूबाईंना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अर्धीमुर्धी अजून पाठ आहे. त्या स्वयंपाक करता करता म्हणतात आणि तो भाकरीच्या थापण्याच्या तालावर मागून म्हणतो. समजत काही नाही, मजा येते.

पाढ्यांचं मात्र स्पष्ट सांगते. खेळ, खेळ करून पाठांतराला सुट्टी देणारे पालक मला पटत नाहीत. पाढा पाठच करावा लागतो, रोज म्हणावा लागतो, आणि ते कंटाळवाणं असतं. फक्त पाठ केलेला पाढा कुठे लागतो हे त्याला दिसलं पाहिजे. माझ्याकडे ब्लाऊजला सहा हुक लागतात. हुक लावायला बसायच्या आधी मी विचारते, "आज चार ब्लाऊज आहेत, किती हुक काढतोस?" तो "सहा एके सहा, सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा, सहा चोक चोवीस" म्हणतो आणि चोवीस हुक वाटीत मोजून आणतो. शेवटच्या ब्लाऊजला हुक कमी पडले तर पाढा चुकला, उरले तरी चुकला. लगेच निकाल. सांडलेल्या टाचण्या आणि हुक लोहचुंबकाने गोळा करायचं कामही त्याचंच, त्यात अभ्यास काही नाही, पण त्या चुंबकासाठी तो सहाचा काय, सोळाचाही पाढा म्हणेल.

अक्षराचं म्हणाल तर पाटी-पेन्सिलपेक्षा आमच्याकडे कापडावरचा खडू चालतो. काळ्या अस्तराचा तुकडा फरशीवर ताणून चार कोपऱ्यांना चार वजनं ठेवायची, आणि त्यावर मार्किंगच्या चपट्या खडूने मोठमोठी अक्षरं. झटकलं की पुसलं जातं. 'क्ष', 'ज्ञ', 'ऋ' ही वहीत रडवणारी अक्षरं इथे हातभर मोठी निघतात. एवढंच की खडूचे तुकडे फार होतात, आणि खडू मला लागतो, त्याला नाही.

जोडाक्षरं बसमध्ये शिकतो. महिन्यातून एक-दोनदा अस्तर आणि दोरे आणायला मेनरोडला जावं लागतं. सिटीलिंकच्या बसमध्ये खिडकीची जागा त्याची, आणि अट अशी की जोडाक्षर असलेली पाटी दिसली की मोठ्याने वाचायची. सिडकोत राहणाऱ्याला घराबाहेर पडल्या पडल्या 'त्रिमूर्ती चौक' मिळतो, म्हणजे एका शब्दात 'र' दोन तऱ्हेचा: एक खाली तिरका, एक डोक्यावर. 'पाथर्डी फाटा' मिळतो, 'द्वारका' मिळते. सगळ्यात जास्त गुण 'त्र्यंबक'ला, कारण त्यात त, र आणि य अशी तीन व्यंजनं एकमेकांना चिकटलेली आणि वर अनुस्वार. एसटी दिसली तर तालुक्यांची नावं: सिन्नर, चांदवड, सुरगाणा, निफाड. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके, सगळे पाठ व्हायला अजून वेळ लागेल, पण कळवणची गाडी निळी होती का लाल हे मात्र त्याला बरोबर आठवतं. दुकानांच्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका शोधायला मी अजून शिकवलेलं नाही. एकदा शिकवलं की मेनरोड संपायचा नाही.

आता नोटांचा खेळ सांगते, कारण तो मला स्वतःलाच फार आवडतो. संध्याकाळी दिवसभराची शिलाईची जमा मोजायची वेळ येते. नोटा आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येही छापल्या जातात हे त्याला पप्पांनी सांगितल्यापासून त्याचा समज आहे की घरातली प्रत्येक नोट नाशिकरोडहूनच येते. मैसूर, देवास, सालबोनी इथेही छापखाने आहेत म्हटलं तर नाराज होतो. तर मी नोटा त्याच्यापुढे टाकते, तो आधी लावतो, मग मोजतो. शंभराच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. "दोन शंभराच्या, तीन पन्नासच्या, चार वीसच्या, किती?" पहिल्यांदा एक एक करून जायचा, आता पन्नासच्या दोन नोटा दिसल्या की त्या उचलून शंभरात टाकतो. हे मी सांगितलेलं नाही.

मोजून झालं की नोट उलटी करायची. मागे चित्र कशाचं? दहावर कोणार्कचं सूर्यमंदिर, वीसवर वेरूळचं लेणं, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरावर पाटणची राणीची वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. यातलं वेरूळ तेवढं आपल्या महाराष्ट्रातलं, म्हणून वीसची नोट 'आपली'. त्याच बाजूला डावीकडे पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. त्यात मराठीची ओळ शोधायची. सोपं वाटतं, पण देवनागरी दिसणाऱ्या ओळी चार: कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत. वरून मोजत आठवी ओळ आपली. आता त्याला पाठ झालंय, म्हणून तो आलेल्या पाहुण्यांची परीक्षा घेतो. परवा मामाला वीसची नोट देऊन "मराठी कुठे आहे सांग" म्हणाला. मामा बँकेत आहे. सापडायला वेळ लागला, आणि त्या वेळेचा आमच्या घरात अजून उल्लेख होतो.

वाचनाची जबाबदारी सासूबाईंची. सकाळी पेपर आला की त्यांना राशिभविष्य लागतं, आणि चष्मा नेमका त्याच वेळी सापडत नाही. मग नातवाला हाक. त्यांची रास वृश्चिक, म्हणजे वाचायला सुरुवातच 'वृ'ने आणि पुढे 'श्चि'. खाली 'आर्थिक', 'प्रकृती', 'ज्येष्ठांचा सल्ला', 'वादविवाद टाळा' असले शब्द, जे त्याच्या पुस्तकात सापडणार नाहीत. अडला की त्या म्हणतात, "तोड त्याला, तुकडे कर." तो "प्र-कृ-ती" करतो. भविष्य वाईट निघालं की त्या दुसरी रास वाचायला सांगतात, त्यामुळे कर्क आणि कन्याही वाचून होतात. मला या भविष्यात काही रस नाही, पण रोज न चुकता वाचायला मिळणारा चार ओळींचा उतारा आणि रोज न चुकता ऐकणारं माणूस दुसरीकडे कुठे मिळणार?

पत्त्यांचं थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना माहीत असतंच. भिकार-सावकार आम्ही दोन-दोन पत्त्यांनी खेळतो. राजा, राणी, गुलाम आणि दश्श्या काढून टाकायच्या, एक्का म्हणजे एक. दोन पत्ते काढून दोन अंकी संख्या करायची, ज्याची मोठी त्याला सगळे. चार आणि सात आले तर ४७ करायचे की ७४, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बदाम सत्तीत आकड्यांचा चढता-उतरता क्रम आपोआप होतो. सापशिडी उलटी खेळा, शंभरावरून खाली, वजाबाकी होते. शिडीवरून घसरायचं आणि सापावरून चढायचं यालाच पोरं हसतात.

आणि चिठ्ठ्या. आमचे हे अंबडला कंपनीत आहेत, पाळ्या बदलतात. दुसरी पाळी असली की हे निघतात तेव्हा पोरगा शाळेत, आणि रात्री येतात तेव्हा झोपलेला. आठवडाभर भेट म्हणजे फक्त झोपलेल्याचं पांघरूण सारखं करणं. म्हणून यांनी फ्रिजवर चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. यांचं अक्षर असं की मलाही एकदा 'दूध' आहे की 'दवा' ते कळेना. पण तो चिकाटीने वाचतो, कारण चिठ्ठी त्याच्या नावाची असते. "सायकलची चेन बघितली. रविवारी नीट करू. भाजी खाल्लीस का?" खाली त्याचं उत्तर: "हो. भेंडी नको. चेन आजच नीट कर." दुसऱ्या दिवशी यांचं: "आज दुसरी पाळी आहे राजा." मग त्याचं: "पहिली पाळी घे ना." या चिठ्ठ्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाला मी हात लावत नाही. 'भेंडि' लिहिलं तर 'भेंडि'. वडिलांना लिहिलेल्या पत्रावर आईने लाल पेन चालवायचा नसतो. 'भेंडी' दोन दिवसांनी बाजाराच्या यादीत येते, तिथे मी ती बरोबर लिहून दाखवते, कारण यादी माझी.

सगळ्यालाच अभ्यास करू नये, हेही लक्षात ठेवावं लागतं. भाजीबाजारात द्राक्षांचा भाव विचारला आणि वळून त्याच्याकडे बघितलं, तर तो हात वर करून म्हणाला, "मम्मी, आता हिशोब नको विचारू, मी नुसता आलोय." बरोबर आहे त्याचं. तेव्हापासून बाजारात फक्त पिशवी धरायची. सोमेश्वरला गेलो तर धबधबा बघायचा, पायऱ्या मोजायच्या नाहीत. आणि ज्या दिवशी दमून आलेला असतो त्या दिवशी मापाची वही मीच लिहिते.

एक मात्र जमत नाही, प्रश्नोत्तरं. "पाठात कोण कोण आहे ते लिहा" याला मी कुठलं काम शोधू? तिथे सरळ बसायचं, लिहायचं, झालं की उठायचं. बक्षीस नाही, चांदण्यांचा तक्ता नाही. चांदण्या चिकटवल्या की पोरगं चांदणीसाठी लिहितं, आणि चांदण्या संपल्या की आपण दुकानात.

सध्या घड्याळ चालू आहे. लहान काटा, मोठा काटा सगळं कळतं, पण पावणेतीन म्हटलं की तीनच्या पुढे जातो, टेपवर मात्र पावणेसातला कधी चुकत नाही. तेव्हा जुन्या टेपचा बारा इंचांचा तुकडा कापून गोल वळवला, पुठ्ठ्यावर टाचला आणि बाराच्या जागी दोन्ही टोकं जुळवली. मधे पुठ्ठ्याचा एकच लहान काटा. आता सातच्या अलीकडचा पाव इंच म्हणजे पावणेसात वाजले, तीनच्या अलीकडचा म्हणजे पावणेतीन. मोठा काटा नंतर लावू. यांची सोमवारपासून पहिली पाळी आहे, पावणेसातला घरातून निघायचं असतं. त्यांना दारापर्यंत सोडायला उठायचं त्याने स्वतःहून कबूल केलंय, वेळ सांगायची जबाबदारीही त्याचीच. गजर मी लावून ठेवणार आहेच.